नाताळचे स्कोन आणि आईंची वाटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)



सचिव साहेब मला म्हणाले, "काकू, वीस मिनिटं बोला. विषय तुमचाच, घरच्या घरी बेकिंग." मी म्हटलं, मला भाषण जमत नाही. तर म्हणाले, "दर डिसेंबरात तुमच्या घरातला वास जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. त्याचा एकदाचा खुलासा करा." तेव्हा हा खुलासा समजा. आणि अगोदरच सांगते, पाककृती शेवटी आहे. वही-पेन काढून बसलेल्यांनी जरा धीर धरावा.

डिसेंबरात आपल्या अमरावतीत किती गोष्टी एकामागे एक येतात पहा. मार्गशीर्षात चंपाषष्ठी, म्हणजे वांग्याचं भरीत आणि रोडगा. २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी, २५ ला नाताळ, २७ ला भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांची जयंती. मधेच कोणाच्या तरी शेतात रोडग्याची पार्टी. या सगळ्यात आमच्या घरी नाताळचे स्कोन होतात. आम्ही ख्रिस्ती नाही, आमच्यात कोणी विलायतेला गेलेलं नाही. तरी ते होतात, त्याची ही हकिगत आहे. पण ती अकोल्यापासून सुरू होते.

माझं सासर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. लग्न होऊन आले तेव्हा दिवाळीच्या आठ दिवस आधी घरात एक वेगळीच धांदल सुरू व्हायची. चकली, शेव, अनारसे घरी. पण नानकटाई भट्टीवर. ज्यांनी हे पाहिलं नाही त्या मुलांसाठी सांगते. बेकरीवाला दिवाळीत आपलं काम बाजूला ठेवून लोकांच्या नानकटाया भाजून द्यायचा. मैदा, तूप, पिठीसाखर, वेलची सगळं आपण घरून न्यायचं, तो मजुरी किलोवर घ्यायचा. डबे रांगेत लावायचे आणि बसायचं. रात्रीचे अकरा-अकरा वाजायचे. लाकडाच्या भट्टीसमोर कारागीर हाताच्या तळव्यानं तूप-साखर फेसायचा, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचा आणि प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी. लांब दांड्याच्या फळीनं ट्रे आत, ट्रे बाहेर. तिथं बसून सगळ्या गल्लीच्या सोयरिकी, भांडणं, बाळंतपणं कळायची. घरी येताना तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा भरून नानकटाई यायची आणि ती देवदिवाळीपर्यंत पुरवायची.

या सगळ्यात आमच्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणायची, एक वस्तू कमरेला खोचून न्यायच्या. एक पितळी वाटी. बुडाला पोचा आलेली, काठ एका बाजूनं जरा वळलेला. कारागिरानं माप विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "किलोभर मैद्याले माह्या वाटीनं चार वाट्या तूप, काठोकाठ. चार वाट्या पिठीसाखर, दाबून. बस." मैदा दुकानातून किलोनं मोजून आलेला. तूप आणि साखर मात्र त्या वाटीनं.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही अकोला सोडून इथं आलो. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, अर्धे ब्लॉक रिकामे होते, बोअरचं पाणी खारं होतं आणि संध्याकाळी जिन्यात दिवा नव्हता. सामान लावताना मी नव्या घराच्या हौशीनं जुनी पितळ मोडीत काढली. दोन तांबे, एक परात, एक पातेलं आणि त्यात ती वाटी. त्या मोडीवर पाच लिटरचा कुकर घेतला. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. गुणोत्तर आणि प्रमाण हा माझा आवडता धडा. पण पोचा आलेली वाटी मोडीत टाकताना ते एका गुणोत्तराचं अर्धं आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

इथली पहिली दिवाळी. भट्टी ओळखीची नाही, म्हणून मी तो गोल ॲल्युमिनियमचा, वर काच असलेला ओव्हन आणला. त्याला तापमानाचा काटाच नसायचा. किलोभर मैदा घेतला, स्टीलच्या नव्या वाटीनं चार वाट्या तूप. नवी वाटी मोठी होती. आता हिशेब केला तर सव्वासातशे ग्रॅमच्या वर तूप गेलं असणार. त्यात ऑक्टोबरची उष्णता, तूप अर्धं पातळ. व्हायचं तेच झालं. सगळ्या नानकटाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि ताटभर एकच पापड बाहेर आला. मुलांनी तो चमच्यानं खाल्ला.

आईंनी एक तुकडा तोंडात टाकला. म्हणाल्या, "तूप जास्त झालं वं. माही वाटी कुठं हाय?"

मी सांगितलं, मोडीत दिली.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "कुकर तं चांगला हाय." त्यानंतर चार-पाच दिवाळ्या आमच्या घरी नानकटाई बाहेरून विकत आली. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आता पहिल्या मजल्यावर येऊ. मावशी तिथं आमच्याही आधीपासून राहतात. दवाखान्यात परिचारिका होत्या, निवृत्त होऊन इथं आल्या. दर नाताळाला त्यांच्याकडून ताट यायचं. पहिल्या वर्षी मुलीनं ताटावरचा रुमाल उचलला आणि ओरडली, "आई, यांच्याकडे पण दिवाळी!" कारण ताटात करंजी, चकली, शंकरपाळे. वऱ्हाडातला नाताळचा फराळ आपल्यासारखाच असतो. फक्त ताटाच्या एका कडेला चार जाड, गोल, वरून तांबूस असं काहीतरी होतं. बिस्किट म्हणावं तर मऊ, पाव म्हणावा तर भुसभुशीत. मावशी म्हणाल्या, ते स्कोन. त्या शिकत असताना मिशनच्या दवाखान्यातल्या मेट्रननं शिकवलेले.

पुढं मावशींच्या बोटांचे सांधे आखडले. एका डिसेंबरात त्या वर आल्या, हातात एक वही. म्हणाल्या, "यंदा माझ्यानं होत नाही. तू करून देशील का? सगळं लिहिलेलं आहे." निळ्या शाईनं इंग्रजीत पाच ओळी होत्या. आठ औंस मैदा, दोन औंस लोणी, एक औंस साखर, तीन सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, पाव पिंट दूध. खाली भट्टीचं तापमान आणि वेळ. बस, एवढंच.

मी ते वाचलं आणि खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. ती मेट्रन कधीच तिच्या देशाला परत गेली असणार. तिचा ओव्हन, तिचा काटा, तिच्या वाट्या काहीच इथं नाही. पण तिचं माप मावशींच्या वहीत होतं आणि मावशींच्या वहीतून ते माझ्या ओट्यावर आलं. एक औंस म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅम, पाव पिंट म्हणजे सुमारे एकशे चाळीस मिलिलिटर. झालं. आमच्या घरातलं माप मात्र एका वाटीत होतं आणि ती वाटी मी कुकरवर दिली होती.

असो. माप बरोबर असूनही माझा पहिला घाणा दगड झाला. कारण मी तो रोडग्यासारखा मळला! आपल्या हाताला सवय तीच. रोडग्याची कणीक जाडी-भरडी, तेलाचं मोहन घालून घट्ट मळायची, पदर द्यायचे, मग गोवऱ्यांच्या आरात भाजायचे. त्याला मार सोसतो. मावशी ओट्याशी उभ्या राहून ओरडल्या, "मळू नको, बाई! फक्त गोळा कर, भांडणारी पोरं एका खोलीत कोंबल्यासारखा." पिठात पाणी किंवा दूध गेलं आणि त्यावर हात चालला की त्यातली चिकटी ताणली जाते. पोळीला ती हवी, स्कोनला नको. नानकटाईत तर पाणीच नसतं, सगळा कारभार तुपावर, म्हणून ती जिभेवर विरघळते. तोच गहू, पण तिघांची तऱ्हा वेगळी. हे मला पन्नाशीला कळलं.

दुसऱ्या वर्षी जमले. तिसऱ्या वर्षाची गोष्ट सांगायलाच हवी, ती आपल्या सोसायटीची आहे. २००६-०७ चा सुमार, लोडशेडिंगचे दिवस. कोणत्या वेळी लाईट जाईल याचं वेळापत्रक आपण फ्रिजवर चिकटवून ठेवायचो आणि लाईट ते वाचत नसे. २४ डिसेंबरची संध्याकाळ. मावशींकडे पाहुणे यायचे होते. पीठ भिजवून झालं, चकत्या पाडून झाल्या आणि लाईट गेली. आता बेकिंग पावडरचं असं आहे की ती ओली झाली की लगेच कामाला लागते. तासभर थांबलं तर तिचा जोर संपतो. मी मेणबत्ती घेऊन खाली पळाले. मावशी शांत. म्हणाल्या, "तवा आहे ना?"

जाड तवा मंद आचेवर ठेवला. चकत्या जरा दाबून पातळ केल्या, वर झाकण. सात मिनिटं एका बाजूनं, सात दुसऱ्या. आणि काय सांगू, छान फुगले. रंग ओव्हनसारखा सरसकट नाही, तव्याचे डाग पडले, पण आतून मऊ. मला वाटलं आम्ही जुगाड केला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की मूळ पद्धतच ती. स्कोन स्कॉटलंडचा, १५१३ च्या एका स्कॉट ग्रंथात हा शब्द आलेला आहे. तिथले लोक ओटच्या पिठाची गोल भाकरी तव्यावर भाजायचे आणि तिचे चार तुकडे करायचे. ओव्हन आणि बेकिंग पावडर पुष्कळ नंतर आली. बेकिंग पावडरची गोष्टही गमतीची आहे. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्यानं ती बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट आणि अंडी सोसत नव्हती. म्हणजे आपल्या बिनअंड्याच्या केकमागे एका विलायती नवऱ्याची काळजी आहे. इथल्या नवऱ्यांनी नोंद घ्यावी.

त्या अंधारात आई स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. तव्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तं पानगे हायेत." मी म्हटलं, नाही आई, इंग्रजांचे आहेत. "इंग्रजाले काय गहू नाई भेटत?" असं म्हणून त्यांनी एक स्कोन वांग्याच्या भाजीत कुस्करून खाल्ला. मावशी हसून हसून बेजार. पण त्याच रात्री त्यांनी मला दोनदा विचारलं की आपण अकोल्याला केव्हा जाणार, आज भट्टीवर नंबर लावायचा आहे. आईंना विसर पडायला लागला होता. आम्ही तोवर वयाचं म्हणून सोडून देत होतो.

मग मी घाबरले. जानेवारीत एक वजनकाटा आणला, ग्रॅम दाखवणारा. आईंना विचारलं, वाटी केवढी होती? हातानं दाखवायच्या, दर वेळी वेगळी. तूप किती? "माह्या वाटीनं चार." किती ग्रॅम, पावशेर की अर्धा शेर? "तुले सांगतलं ना वं, माह्या वाटीनं." याच्यापुढं गाडी जात नव्हती. मग मी एकच केलं, जे गणितात उत्तर सापडत नसलं की आम्ही मुलांना करायला सांगायचो. उलटीकडून गेले. शंभर ग्रॅम मैदा कायम ठेवायचा आणि तूप बदलायचं. पन्नास ग्रॅम, पंचावन्न, साठ, पासष्ट. प्रत्येक वेळी आठ-दहा नानकटाया, जास्त नाही. चहाबरोबर आईंच्या पुढं बशी ठेवायची आणि गप्प बसायचं. नावं विसरत होत्या, वार विसरत होत्या, पण जीभ शाबूत होती. पन्नासला म्हणाल्या, "कोरडी हाय." पासष्टला, "घशाले चिकटते." पंचावन्नला नुसतंच तोंड वाकडं. हे होळीपर्यंत चाललं. घरातले कंटाळले, मुलगा म्हणाला आता मला नानकटाईचा वास आला तरी पोट भरतं.

अठ्ठावन्न ग्रॅमला त्यांनी एक खाल्ली, दुसरी उचलली, ती संपवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे बरोबर हाय. कोन्त्या भट्टीतून आनली?"

मी म्हटलं, अकोल्याच्या.

म्हणजे किलोला पाचशे ऐंशी ग्रॅम तूप. वाटी साधारण एकशे पंचेचाळीस ग्रॅम तुपाची होती. साखर तशीच शोधली, ती चारशे ऐंशीवर आली. त्यानंतर दोन दिवाळ्या आई होत्या. दोन्ही वेळा नानकटाई घरी झाली आणि दोन्ही वेळा त्यांनी तोच प्रश्न विचारला.

आता पाककृती. घ्या लिहून. बारा स्कोन होतात.

मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर तीन सपाट छोटे चमचे, चिमूटभर मीठ, हे सगळं दोनदा चाळा. फ्रिजमधलं थंड लोणी ५५ ग्रॅम, बारीक तुकडे करून बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, रव्यासारखं दिसेपर्यंत. तळवा लावू नका, तळव्याच्या उष्णतेनं लोणी वितळतं. घरचं लोणी असेल तर ताक पूर्ण निथळू द्या. साखर ३० ग्रॅम. आता सणाचं म्हणून मी त्यात मूठभर मनुका, चमचाभर चारोळी आणि एका संत्र्याची साल किसून घालते. वरुड-मोर्शीचं संत्रं दारात येत असताना बाटलीतला अर्क कशाला? फक्त वरची केशरी साल, खालचा पांढरा भाग कडू लागतो. मग १४० मिलिलिटर दूध, एकदम सगळं ओतू नका, आपला मैदा कधी कमी पितो कधी जास्त. सुरीनं कालवा, हातानं गोळा करा, दोन सेंटिमीटर जाड थापा. पातळ लाटले की फुगत नाहीत, ही सगळ्यांची पहिली चूक. वाटीच्या किंवा पेल्याच्या काठानं सरळ दाबून पाडा, पिळून काढू नका, नाहीतर एका बाजूला कलंडतात. वरून दूध लावा, कडेला लागू देऊ नका. ओव्हन २२० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवलेला असावा आणि स्कोन आत बारा ते पंधरा मिनिटं. लाईट गेली तर तव्याचं मघाशी सांगितलंच.

खायचे गरम, त्याच दिवशी. हे नानकटाईसारखे डब्यात टिकत नाहीत. तिकडे इंग्लंडात आधी मुरांबा की आधी साय यावर डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन जिल्ह्यांचं जुनं भांडण आहे. त्यांची ती प्रसिद्ध घट्ट क्रीम म्हणजे मंद आचेवर तापवलेल्या दुधाची सायच. आमच्याकडे म्हशीच्या दुधाची साय आणि आवळ्याचा मुरांबा, कोण आधी कोण नंतर याची चौकशी होत नाही. 'स्कोन' म्हणायचं की 'स्कॉन' यावरही ते भांडतात. मावशी स्कोन म्हणतात म्हणून आपल्या सोसायटीत स्कोन.

मागच्या टेबलावर दोन ट्रे ठेवले आहेत. संत्र्याच्या सालीचे डावीकडे, साधे उजवीकडे. साखरवाल्यांनी अर्धाच घ्यावा, घरचे बघत आहेत. पहिला मावशींना द्या.

आणि महिला मंडळानं ठरवल्याप्रमाणे दाराजवळ एक कोरी वही ठेवली आहे. प्रत्येक घरानं आपल्या घरचा एक पदार्थ लिहायचा आहे, रोडगे असोत, शेवाळ्या असोत, सांडग्या मिरच्या असोत. 'अंदाजे', 'मावेल तेवढं' आणि 'आमच्या वाटीनं' असं लिहिलेलं चालणार नाही. माझा वजनकाटा रविवारपर्यंत तिथंच राहील. सेल नवीन घातलेत. वाटी तेवढी घरून घेऊन या.